क्रूझवरील टिप आणि सेवांचा हिशोब : पहिल्यांदा जहाजावर निघालेल्या कुटुंबांसाठी

गेल्या फेब्रुवारीत तुरीचे पैसे हाती आल्यावर आमच्या गावातील तीन कुटुंबांनी मिळून सिंगापूरहून निघणारी चार रात्रींची क्रूझ केली. अमरावती जिल्ह्यातल्या आमच्या गावाला समुद्र सोडाच, मोठी नदीसुद्धा नाही, त्यामुळे जहाजावरचा व्यवहार कसा चालतो हे विचारायला कोणी ओळखीचे नव्हते. ज्या एजंटाकडून आम्ही बुकिंग केले त्याने ‘सगळे समाविष्ट आहे’ एवढेच सांगितले होते. शेवटच्या दिवशी पहाटे खोलीच्या दाराखाली सरकवलेले बिल आम्ही उघडले, तेव्हा आमच्या पाच जणांच्या खात्यावर नुसत्या टिपेचे तीस हजारांहून अधिक रुपये लागलेले होते. ती रक्कम चुकीची नव्हती. ती आम्हाला घरी बसूनच माहीत असायला हवी होती, आणि तुम्हाला ती माहीत असावी म्हणून हा लेख लिहिला आहे.

१. ‘सगळे समाविष्ट’ या शब्दांचा अर्थ आधी विचारून घ्या

आपल्याकडे लग्नात आचाऱ्याशी पूर्ण रक्कम ठरते आणि वर त्याला चहापाण्याला काय द्यायचे ते यजमानाच्या खुशीवर असते. जहाजावरची टिप तशी नसते. तिला तिथे ग्रॅच्युइटी किंवा सेवाशुल्क म्हणतात, ती माणशी आणि रात्रीगणिक ठरलेली असते आणि तुम्ही काहीही न करता रोज तुमच्या खात्यावर चढत जाते. म्हणजे नाव बक्षिसीचे असले तरी व्यवहारात तो भाड्याचाच उरलेला भाग असतो. म्हणून पैसे भरण्यापूर्वी एजंटाकडून पुढील गोष्टी लेखी घ्या, व्हॉट्सअॅपवर घेतल्या तरी चालतील : ग्रॅच्युइटी दरात धरली आहे का, बंदराचे कर धरले आहेत का, पेयांचे पॅकेज आहे की नाही, आणि बंदरावरच्या सहली आहेत की नाहीत. ‘जेवण समाविष्ट’ एवढ्या उत्तरावर थांबू नका, कारण जेवण बहुतेक जहाजांवर समाविष्टच असते आणि प्रश्न बाकीच्या गोष्टींचा असतो.

मुंबईहून गोवा, कोची किंवा लक्षद्वीपकडे जाणाऱ्या क्रूझवर व्यवहार रुपयांत होतो, परंतु तिथेही सेवाशुल्क भाड्यापासून वेगळे दाखवलेले असू शकते. त्यामुळे प्रवास देशातला असला तरी हे प्रश्न विचाराच.

२. टिपेचा हिशोब घरीच मांडा

मोठ्या आंतरराष्ट्रीय कंपन्यांचा दर सध्या सर्वसाधारणपणे माणशी दररोज १६ ते २० डॉलरच्या घरात असतो. उदाहरणच घ्यायचे तर रॉयल कॅरिबियन या कंपनीचा दर अलीकडे साध्या खोलीसाठी माणशी दररोज १८.५० डॉलर आणि मोठ्या स्वीटसाठी २१ डॉलर असा होता. हे दर अधूनमधून वाढतात, म्हणून बुकिंगच्या दिवशी कंपनीच्या संकेतस्थळावर चालू दर पाहा.

आता नवरा-बायको, दोन मुले आणि आई असे पाच जण चार रात्रींसाठी जाणार असतील, तर १८.५० गुणिले ५ गुणिले ४ म्हणजे ३७० डॉलर झाले. डॉलरचा भाव ९० रुपये धरला, तर ही रक्कम ३३,३०० रुपये होते. इथे बहुतेकांची गफलत होते ती मुलांच्या बाबतीत. एसटीत मुलाचे अर्धे तिकीट असते, म्हणून टिपही अर्धी असेल असे आपण गृहीत धरतो, पण अनेक कंपन्यांमध्ये सात-आठ वर्षांच्या मुलालाही पूर्ण दर लागतो. काही कंपन्या अगदी लहान बाळांना सूट देतात आणि काही मुलांना कमी दर लावतात, म्हणून आपल्या मुलाचे वय सांगूनच प्रश्न विचारा.

ही रक्कम आधी भरण्याची सोय बहुतेक कंपन्या देतात. माझे मत असे आहे की ती बुकिंगच्या वेळीच भरून मोकळे व्हावे. एक तर पुढे दर वाढला तरी आधी भरलेल्यांना सहसा फरक द्यावा लागत नाही, आणि दुसरे म्हणजे जहाजावरचे चार दिवस डोक्यात आकडेमोड राहत नाही.

काही कंपन्यांच्या जहाजांवर ‘गेस्ट सर्व्हिसेस’च्या खिडकीवर जाऊन ही रक्कम कमी करून घेता येते किंवा काढून टाकता येते. आमच्याबरोबरच्या एका काकांनी तसे करण्याचा विचार केला होता, आणि त्यांच्या मनात लबाडी नव्हती, त्यांना ती रक्कम खरोखरच अवाजवी वाटली होती. मी त्यांना तसे न करण्याची विनंती केली. ही रक्कम खोली आवरणारा आणि ताट वाढणारा यांच्यासह स्वयंपाकघरात, धुलाईखान्यात राबणाऱ्या, आपल्याला कधीच न दिसणाऱ्या माणसांमध्येही वाटली जाते. महिनोन्महिने घर सोडून आलेल्या त्या लोकांच्या कमाईचा हा ठरलेला हिस्सा असतो. सेवेत खरोखर खोट असेल तर तक्रार जरूर करा, ती पहिल्याच दिवशी करा, म्हणजे सुधारणा तरी होते.

३. कागदपत्रे

देशांतर्गत क्रूझसाठी प्रत्येकाचे मूळ ओळखपत्र लागते. आधार, मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट यांपैकी कोणते चालते ते तिकिटावर दिलेले असते, झेरॉक्सवर भागत नाही. लक्षद्वीपला उतरायचे असेल तर प्रवेशपरवाना लागतो, तो कोण काढणार हे आधी ठरवून घ्या.

सिंगापूरहून निघणाऱ्या क्रूझसाठी जवळ ठेवायची कागदपत्रे अशी :

– प्रवासाच्या तारखेपासून किमान सहा महिने मुदत असलेला पासपोर्ट.
– सिंगापूरचा व्हिसा. हा एकापेक्षा अधिक वेळा प्रवेश देणारा असायला हवा, कारण जहाज सिंगापूर सोडते आणि पुन्हा सिंगापूरलाच येते, म्हणजे तुमचा प्रवेश दोनदा होतो. भारतीयांना हा अर्ज अधिकृत एजंटामार्फत करावा लागतो.
– वाटेत ज्या देशाच्या बंदरावर जहाज थांबणार आहे, तिथल्या प्रवेशाची पूर्तता.
– सिंगापूरला पोचण्यापूर्वी तीन दिवसांच्या आत भरायचे आगमनपत्र. ते ऑनलाइन आणि विनामूल्य असते, त्याचे पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांपासून सावध राहा.
– क्रूझचे वेब चेक-इन केल्यावर मिळणारा बोर्डिंग पास आणि सामानाला लावायच्या चिठ्ठ्या, दोन्ही छापून.
– वैद्यकीय खर्चासह प्रवास विमा.
– मूल आईवडिलांशिवाय काका-मामाबरोबर जात असेल, तर आईवडिलांचे संमतिपत्र.

नावाच्या बाबतीत विशेष जपा. आपल्याकडे लग्नानंतर आधारवर सासरचे नाव आणि पासपोर्टवर माहेरचे नाव असे अनेक बहिणींचे झालेले असते. काही जुन्या पासपोर्टवर आडनावाची जागा रिकामी आणि वडिलांचे नाव स्वतःच्या नावाला जोडलेले असते. क्रूझचे बुकिंग पासपोर्टवर जसे नाव छापले आहे, अगदी तसेच करा. चढताना जे जुळवून पाहिले जाते ते पासपोर्टवरचे नाव, घरात सगळे ज्या नावाने ओळखतात ते नव्हे. गरोदर महिलांना प्रवासात चोविसावा आठवडा लागत असेल, तर बहुतेक कंपन्या जहाजावर घेत नाहीत, ही गोष्टही तिकीट काढण्याआधी लक्षात घ्या.

जहाज कोणासाठी थांबत नाही. चेक-इन सुटण्याच्या एक ते दीड तास आधीच बंद होते, त्यामुळे क्रूझच्या दिवशीच पोचण्याचे धाडस करू नका. मुंबईची क्रूझ असेल तर वर्धा, बडनेरा, अकोला या स्थानकांवरून विदर्भ एक्सप्रेसने आदल्या दिवशी सकाळी सीएसएमटीला उतरावे, एक रात्र मुंबईत काढावी, आणि दुसऱ्या दिवशी टॅक्सीने बॅलार्ड पिअर गाठावे, ते स्थानकापासून अगदी जवळ आहे. सिंगापूरसाठीही हाच एक दिवसाचा नियम पाळावा.

४. पैशांची तयारी

जहाजावर रोख पैसे जवळजवळ चालतच नाहीत. चढताना प्रत्येकाला एक कार्ड मिळते, तेच खोलीची चावी असते, तेच ओळखपत्र असते आणि खरेदीही त्याच्यावरच होते. त्या कार्डामागे एकतर तुमचे क्रेडिट कार्ड जोडावे लागते किंवा काउंटरवर रोख अनामत भरावी लागते.

क्रेडिट कार्ड व्हिसा किंवा मास्टरकार्ड असावे, आणि त्याचा आंतरराष्ट्रीय वापर घरून निघण्यापूर्वी बँकेच्या अॅपमधून सुरू करून ठेवावा. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नवीन कार्ड सुरुवातीला फक्त देशातल्या वापरासाठीच सुरू असते, हे अनेकांना सिंगापूरच्या काउंटरवर उभे राहिल्यावर कळते. बँक परकीय चलनाच्या व्यवहारावर साधारण २ ते ३.५ टक्के आकार आणि त्या आकारावर जीएसटी लावते, तोही हिशोबात धरा. बिल रुपयांत घ्यायचे की डॉलरमध्ये, असे मशीनने विचारले तर डॉलर निवडा, कारण रुपयांचा पर्याय सहसा महाग पडतो.

डेबिट कार्ड मात्र शक्यतो जोडू नका. जहाजाची यंत्रणा रोज अंदाजे रक्कम खात्यात अडकवून ठेवते आणि ती सुटायला प्रवास संपल्यावरही काही दिवस लागतात. आमच्यापैकी एका वहिनींच्या बचत खात्यातले पैसे असेच अडकले, आणि परतीच्या वाटेवर विमानतळावर त्यांना दुसऱ्यांकडून उसने घ्यावे लागले. क्रेडिट कार्ड नसेल तर रोख अनामतीचा मार्ग चांगला आहे, उरलेली रक्कम शेवटी परत मिळते. यूपीआयवर समुद्रात विसंबून राहू नका.

याशिवाय १ आणि ५ डॉलरच्या सुट्या नोटा, साधारण ५० डॉलरपर्यंत, अधिकृत चलन विनिमय केंद्रातून घेऊन ठेवा. त्या कशासाठी ते पुढे येते. नाणी देऊ नयेत, ती परदेशी कर्मचाऱ्याला बदलून मिळत नाहीत.

५. सामानात काय नको

पाणी तापवायचा रॉड, इलेक्ट्रिक किटली, इस्त्री, चाकू, उदबत्ती, निरांजन आणि मेणबत्ती या वस्तू जहाजावर घेऊन जाता येत नाहीत. जहाजावर आगीइतकी भीती दुसऱ्या कशाची नसते, म्हणून या बाबतीत कोणतीही सवलत मिळत नाही. रोज दिवा लावणाऱ्या घरातल्या वडीलधाऱ्यांना हे आधीच प्रेमाने समजावून सांगा. घरी केलेला चिवडा, ठेचा, लाडू यांनाही अनेक कंपन्या परवानगी देत नाहीत. दुकानातली सीलबंद पाकिटे बहुधा चालतात. शाकाहारी किंवा जैन जेवण हवे असेल तर ते बुकिंगच्या वेळीच नोंदवा आणि पहिल्या रात्री मुख्य वेटरला पुन्हा एकदा सांगा.

६. चढल्यावरचे पहिले काही तास

सर्वप्रथम फोन एअरप्लेन मोडवर टाका. किनारा सुटल्यावर फोन जहाजाच्या उपग्रह नेटवर्कला आपोआप जोडला जाऊ शकतो आणि त्याचे रोमिंग अतिशय महाग असते. वायफाय वेगळे विकत घ्यावे लागते, परंतु जहाजाचे अॅप पाहण्यापुरते जोडणीचे पैसे बहुधा पडत नाहीत, आणि त्या अॅपमध्ये तुमचे चालू बिल रोज दिसते. अॅप सिंगापूर सोडण्याआधीच डाउनलोड करून ठेवा.

जहाज सुटण्यापूर्वी आपत्कालीन सराव होतो. तो आंतरराष्ट्रीय नियमानुसार प्रत्येकाला बंधनकारक आहे, टाळू नका. त्याच वेळी मुलांच्या कार्डावरची खरेदी गेस्ट सर्व्हिसेसमध्ये बंद करून घ्या किंवा मर्यादा घाला. व्हिडिओ गेमच्या यंत्रावर कार्ड लावले की पैसे जातात, आणि मुलाला ते पैसे वाटत नाहीत.

७. भाड्यातल्या आणि वरच्या सेवा

मुख्य भोजनगृह, बुफे, नाटक-संगीताचे कार्यक्रम, पोहण्याचे तलाव, मुलांचे वर्ग यांना वेगळे पैसे सहसा लागत नाहीत. बुफेवरचे साधे पाणी, चहा आणि कॉफीही बहुधा भाड्यात असते. खोलीत ठेवलेली पाण्याची बाटली मात्र विकतची असू शकते, झाकण उघडण्याआधी तिच्या गळ्यातली चिठ्ठी वाचा. आपली बाटली बुफेच्या नळाला थेट लावू नका, पेल्यात घेऊन मग भरा.

थंड पेये, मद्य, खास उपाहारगृहे, स्पा, कपडे धुणे, वायफाय, फोटो आणि दवाखाना यांचे पैसे वेगळे पडतात. खोलीत जेवण मागवण्याचाही आकार अनेक ठिकाणी लागतो. चढताना काढलेले फोटो फलकावर लावलेले असतात, ते घेणे बंधनकारक नाही. पेयांचे पॅकेज घेताना एक अट पाहा : एकाच खोलीतल्या सर्व प्रौढांनी ते घ्यायला हवे, असा अनेक कंपन्यांचा नियम असतो. माझ्या मते, ज्या घरात कोणी मद्य घेत नाही त्यांनी या पॅकेजच्या वाटेला जाऊ नये.

दवाखान्याचे बिल डॉलरमध्ये आणि भरभक्कम असते. मधुमेह, रक्तदाबाच्या गोळ्या प्रवासाच्या दिवसांपेक्षा आठवडाभर अधिक घ्या, आणि समुद्र लागल्यास कोणती गोळी घ्यायची हे आपल्या डॉक्टरांना आधीच विचारा.

८. पावतीवरची रिकामी ओळ

हा सापळा सर्वांत लहान दिसतो आणि सर्वांत जास्त माणसे त्यात सापडतात, म्हणून सविस्तर सांगतो. दुसऱ्या दिवशी दुपारी मी मुलांसाठी दोन सरबते घेतली. पावतीवर प्रत्येकी ७ प्रमाणे १४ डॉलर, खाली १८ टक्क्यांचे २.५२ डॉलर आणि एकूण १६.५२ डॉलर असे छापलेले होते. त्याखाली ‘अधिक टिप’ अशी एक रिकामी ओळ, मग एकूण रकमेची रिकामी ओळ, आणि शेवटी सहीची जागा होती. रिकामी जागा दिसली की ती भरायची असते, या समजुतीने मी तिथे २ डॉलर लिहून सही केली. ते १८ टक्के म्हणजेच टिप होती, हे मला नंतर कळले.

पेये, स्पा आणि खास उपाहारगृहे यांच्या बिलात १८ ते २० टक्के टिप बहुतेक जहाजांवर आधीच धरलेली असते. तुम्हाला वेगळे काही द्यायचे नसेल, तर त्या रिकाम्या ओळीत आडवी रेघ मारा, खाली छापलेलीच एकूण रक्कम पुन्हा लिहा आणि मगच सही करा. यात कोणाचा अपमान होत नाही. पावतीची प्रत मात्र मागून घ्या आणि एका पाकिटात जमा करत जा.

९. स्वखुशीने द्यायचे असेल तर

ठरलेली टिप भरल्यावर वर काही देण्याची सक्ती मुळीच नाही. तरीही ज्याने मनापासून केले, त्याच्या हातावर काही ठेवावेसे वाटते.

आमची खोली आवरणारा मुलगा गोव्याचा होता. माझी आई रोज पहाटे उठून गाद्या स्वतः झटकायची, चादरींच्या चौकोनी घड्या करायची आणि ओले टॉवेल पिळून वाळत घालायची. तिसऱ्या दिवशी त्याने तिला हात जोडून सांगितले, “आई, तुम्ही घड्या करता त्यामुळे वापरलेली चादर कोणती आणि नवी कोणती, हेच मला समजत नाही. टॉवेल बदलून हवा असेल तर जमिनीवर टाका, तोच वापरायचा असेल तर खुंटीला ठेवा.” आईला वापरलेला टॉवेल जमिनीवर टाकणे शेवटपर्यंत जमले नाही, ती तो न्हाणीघराच्या कोपऱ्यात घडी करून ठेवायची, आणि त्याने ती खूण समजून घेतली. त्या दिवशी संध्याकाळी त्याने टॉवेलचा हत्ती करून तिच्या उशीवर ठेवला होता.

अशा माणसाला शेवटच्या संध्याकाळी प्रत्यक्ष भेटून, पाकिटात घालून ५ ते १० डॉलर द्यावेत. खोलीत नुसती नोट ठेवून येऊ नये, कारण ती विसरलेली आहे की दिलेली आहे हे त्याला कळत नाही. रोजच्या टेबलावरच्या वेटरलाही असेच देता येते. खोलीपर्यंत जेवण आणून देणाऱ्याला १ किंवा २ डॉलर पुरेसे होतात, आणि बंदरावर बॅगा उचलणाऱ्या हमालालाही तेवढेच. अधिकाऱ्यांना टिप देण्याची पद्धत नाही. पैशांइतकीच उपयोगी पडते ती लेखी प्रशंसा. अॅपवरच्या किंवा छापील अभिप्रायात त्या कर्मचाऱ्याचे नाव लिहा, कारण त्याची नोंद त्याच्या वरिष्ठांपर्यंत जाते.

१०. शेवटची रात्र

मोठ्या बॅगा चिठ्ठी लावून रात्री साधारण अकराच्या आत दाराबाहेर ठेवाव्या लागतात, आणि त्या थेट बंदरावरच परत मिळतात. पासपोर्ट, औषधे, चार्जर, दुसऱ्या दिवशीचे कपडे आणि चपला हातातल्या पिशवीत ठेवायला विसरू नका.

बिल पहाटे दारात येण्याची वाट न पाहता आदल्या संध्याकाळीच अॅपवर किंवा खोलीतल्या टीव्हीवर उघडा आणि पाकिटातल्या पावत्यांशी ओळ न ओळ ताडून पाहा. चूक आढळली तर त्याच रात्री गेस्ट सर्व्हिसेसमध्ये जा. सकाळी तिथे लांब रांग असते आणि उतरण्याची घाई सुरू झालेली असते. रोख अनामत भरली असेल तर तीही रात्रीच परत घ्या.

घरी आल्यावर बिलाची अंतिम प्रत आणि सर्व पावत्या किमान दोन महिने जपून ठेवा, आणि कार्डाच्या विवरणपत्रात तीच रक्कम आली आहे का ते पाहा. डॉलरच्या आकड्यात फरक असेल तर बिलाचा फोटो जोडून आधी क्रूझ कंपनीला ईमेल करा, आणि त्याची प्रत बँकेकडे पाठवा.